कर्नल नावाच्या बैलाला मागणी

आमच्या घराण्यात आजवर मुलींना मागण्या आल्या, एकदा अंगणातल्या हापूसच्या कलमालाही आली. पण बैलाला मागणी घालायला रत्नागिरीहून उठून थेट माण तालुक्यात गेलेली मी पहिलीच. सुखरूप परत आले आहे. आल्यापासून अख्खी आळी "काय झालं, काय झालं" करून डोकं खातेय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. गावाचं नाव तेवढं सांगणार नाही. तिथल्या मंडळींनी तसं बजावलंय, आणि त्यांनी मला इतकं खाऊ घातलंय की शब्द मोडायची माझी टाप नाही.

त्याचं असं झालं. माझा धाकटा भाऊ प्रसन्न पुण्यात व्हिडिओ गेम बनवतो. चाळिशीला टेकलाय, तरी लोकांना मी "तो कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. खरं सांगितलं की लोक "म्हणजे दिवसभर खेळतो?" असं विचारतात. चांगली नोकरी सोडून त्याने आणि शबाना नावाच्या त्याच्या भागीदारणीने दोन वर्षं खपून बैलगाडी शर्यतीचा एक गेम उभा केला. त्यात मुख्य बैल घेतला तो सातारा-सांगलीकडचा 'कर्नल'. पांढराशुभ्र खिलार. तिकडच्या शर्यतीच्या मैदानावर त्याचं नाव घेतलं की म्हातारीकोतारीसुद्धा टाचा उंचावून बघतात म्हणे. या दोघा शहाण्यांनी गेमचं नावच 'कर्नल' ठेवलं, सगळीकडे सांगून बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बैलाच्या मालकाला विचारायचं राहिलं.

मालक म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी फोनवर सांगितलं, "बैलाचं आसं फोनवर ठरत नसतंय. घरातलं वडीलधारं मानूस घिऊन या. बोलनी करू."

आईवडील दोघंही गेले, त्यामुळे वडीलधारी मीच. शाळेत भूगोल शिकवते, बैल लांबून बघितलेत.

"नाही म्हणाले तर दुसरा बैल घ्या की," मी प्रसन्नला म्हटलं.

"ताई, दोन वर्षं त्याचाच केस न् केस चितारलाय. नाही म्हणाले तर सगळं मोडीत." हे बोलताना त्याचा आवाज अगदी बारका झाला. दहावीचा निकाल घ्यायला जाताना व्हायचा तसा. मग काय, निघाले. वडीलधाऱ्या माणसाने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून गोणीभर नारळ घेतले. त्या नारळांनी पुढे काय केलं ते योग्य जागी येईलच.

सांगली

आंबा घाट चढून गेलं की हवा कोरडी होते, माणसं मोठ्याने बोलायला लागतात आणि जेवणातलं खोबरं संपून शेंगदाण्याचा कूट सुरू होतो. भूगोलाच्या पुस्तकात हे नाही, पण असायला हवं.

शबानाच्या वडिलांचा सांगलीत गाद्यांचा कारखाना आहे. ती आणि प्रसन्न पुण्याहून येऊन मला तिथेच भेटणार होते. खाली कापूस उडतोय, वर घर. मी दारात पाऊल ठेवलं तोच चाचा म्हणाले, "आवं ताई, आदी बसा, मग या." ते कसं करायचं ते मला कळलं नाही, पण एका क्षणात मी बसलेली होते आणि माझ्यासमोर भाकरी आणि म्हाद्या होता. म्हाद्या म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाचं घट्ट, तिखट कालवण. आमच्याकडे पाहुण्याला "घ्या थोडं" म्हणतात आणि पाहुणा "नको नको" म्हणतो आणि दोघंही सुटतात. इथे "नको" हा शब्द नुसता आवाज समजला जातो. पहिल्यांदा म्हटलं, अर्धी भाकरी आली. दुसऱ्यांदा म्हटलं, अख्खी आली. तिसऱ्यांदा मी गप्प बसले.

सोबत घ्यायचा कॉम्प्युटर मी तिथे प्रथम बघितला. देवघराएवढी काचेची पेटी. आत तीन पंखे गरगरताहेत, लाल-निळे दिवे लागलेत. मी हात जोडणारच होते.

"हे ग्राफिक्स कार्ड. जीपीयू," प्रसन्न पंख्यांकडे बोट दाखवून म्हणाला. लग्नाच्या मांडवात जावयाची ओळख करून द्यावी तसा त्याचा चेहरा.

"आणि तो सीपीयू," शबाना म्हणाली. तिने दाखवलेल्या जागी एक मुकी चौकोनी डबी दिसली. "त्याला दिवे नाहीत. त्यामुळे त्याच्याकडं कुणी बघत नाही."

दोघांची वाटणी अशी होती: बैल दिसतो कसा, ते प्रसन्नने केलं. बैल वागतो कसा, ते शबानाने. आणि दोघांचं भांडण एकच होतं, की पुढच्या काळात या दोन यंत्रांपैकी मोठं कोण होणार. ते भांडण मला सबंध प्रवासभर पुरलं.

चाचांनी व्हॅन दिली. कॉम्प्युटरला धक्का लागू नये म्हणून व्हॅनच्या मागच्या भागात दोन नव्याकोऱ्या गाद्या अंथरल्या, वर उशा लावल्या आणि पेटी त्यात नीट निजवली. मला बसायला एक प्लास्टिकचं स्टूल मिळालं.

विट्याचा चहा

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. शबाना गाडी चालवत होती. स्टुलावर बसून बसून माझ्या मणक्यांची ओळख पटेनाशी झाली, तेव्हा वेळ जावा म्हणून मी विचारलं, "ते सीपीयू-जीपीयू मला कळेल असं सांग बघू."

शबानाने उसाकडे हनुवटी केली. "ताई, फडात ऊसतोड टोळी असते नं? हात लय. काम एकच: वाक, तोड, टाक. एकेकाला फार विचार करायचा नाही, पण सगळे एकदम करतात. ते जीपीयू. आणि बांधावर मुकादम असतो. आज कुठला फड, गाडी कधी भरायची, कोण आजारी, सगळं त्याच्या डोक्यात. तो सीपीयू. बैलाच्या अंगावरचे लाखभर केस काढायचे, तर टोळी पाहिजे. बैलानं उधळायचं का उभं राहायचं, ते मुकादम सांगणार."

"हे झालं आजचं," प्रसन्नने तोंड घातलं. "पुढच्या काळात मुकादमाला विचारतो कोण! आत्ताच कार्ड उजेडाचा किरण न् किरण मोजतं. कुठून निघाला, कुठे आपटला, बैलाच्या कानातून आरपार कसा गेला. आणि आता तर दोन चित्रं काढली की मधली चित्रं कार्ड स्वतःच अंदाजाने भरतं. ती कुणी काढलेलीच नसतात, ताई!"

मला आमच्या शेजारच्या मालूवहिनी आठवल्या. त्याही सुरुवात ऐकतात, शेवट ऐकतात आणि मधलं सगळं स्वतः भरतात.

"सावलीचा अंदाज केला तर चालतंय," शबाना म्हणाली. "बैलाच्या मनाचा अंदाज कोण करणार?"

"तेही कार्डच करेल. शिकवलं की शिकतं. सीपीयू पुढे नुसता दार उघडायला राहणार."

शबानाने उत्तर म्हणून गाडी अशा खड्ड्यातून नेली की प्रसन्नचं डोकं टपाला लागलं. मी स्टुलावरून गादीवर गेले आणि मुद्दामच लवकर उठले नाही.

विट्यात चहाला थांबलो. टपरीवर पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ फोनवर तमिळ बोलत होते. फोन ठेवून त्यांनी आमच्याशी मराठी सुरू केलं. तिकडे दक्षिणेत त्यांचं सोनं गाळायचं दुकान, सणाला गावी आलेले. विट्यात असं दर दुसऱ्या घरात आहे म्हणाले. गादीवर निजलेली पेटी बघून त्यांनी विचारलं, "काय हाय ह्यात?"

प्रसन्नने मोठ्या अभिमानाने कार्ड दाखवलं. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा काचेला लावला आणि कार्डाची खालची कड बराच वेळ न्याहाळली.

"दातास्नी सोनं हाय," ते म्हणाले. "पातळ हाय, पर हाय. मेलं तर माझ्याकडं घिऊन या."

प्रसन्नने चहा अर्धा टाकून दिला. "अशुभ बोलतात लोक," एवढंच पुटपुटत गाडीत जाऊन बसला. नंतर जे झालं ते बघता त्या गृहस्थांना मी थोडीशी भिऊनच आहे.

सुभेदारांच्या सोप्यात

विटा मागे पडलं, सातारा जिल्हा लागला, ऊस कमी होत गेला आणि माळ सुरू झाला. गाव आलं ते आम्हाला सांगावं लागलं नाही. वेशीवरच मोठ्या फलकावर बैलाचा फोटो होता, गळ्यात हार, खाली 'कर्नल यांचे हार्दिक अभिनंदन'. सुभेदारांचा फोटो कोपऱ्यात होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

सुभेदार उंच, ताठ, मिशा कडक. मी नारळाची गोणी पुढे केली तर ते म्हणाले, "ह्ये कशाला, ताई? मुलगी बगायला आलायसा व्हय?" आणि मग स्वतःच म्हणाले, "तसंच म्हना."

खरोखरच तसंच झालं. सोप्यात, म्हणजे आमच्या पडवीसारख्या बाहेरच्या खोलीत, घोंगडी अंथरली. गावातली चारपाच जुनी माणसं भिंतीला टेकून बसली. मला मध्ये बसवलं. मुलाचं शिक्षण काय, व्यसन काही आहे का, गेममध्ये दुसरे बैल कुठल्या गावचे, त्यांच्याशी कर्नलचं वागणं कसं राहील, सगळी चौकशी झाली. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला काही कमी पडणार नाही. हे बोलताना मला स्वतःचीच इतकी मजा वाटली की हसू दाबायला पदर तोंडाला लावावा लागला. तो त्यांनी मर्यादशीलपणा समजून मान डोलावली.

"बैलाचं नाव कर्नल कसं काय?" मी विचारलं.

"सैन्यात जलमभर सायबाचं ऐकलं," सुभेदार म्हणाले. "म्हनलं, आता सायबाला दावनीला बांधू. पर ताई, अजून त्योच सायब हाय. सकाळी त्याला दूद, अंडी, बदाम. मी त्याच्या मागं शेन काढतोय."

"मला कवा बदाम न्हाईत दिलं," आतून त्यांच्या पत्नीचा, काकींचा आवाज आला.

मग टीव्हीला पेटी जोडली आणि प्रसन्नने गेम दाखवला. भाऊ म्हणून नाही सांगत, पण मी अवाक् झाले. उन्हात उभा असलेला बैल, त्याच्या पाठीवरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरतेय, कानाच्या पातळ भागातून उजेड आरपार येऊन आतल्या शिरा दिसताहेत, नाकपुडीवर ओल चमकतेय.  एक म्हातारबा तर टीव्हीजवळ गेले आणि बैलाच्या वशिंडावरून हात फिरवून आले.

झेंडा पडला, कर्नल सुटला, धुरळा उडाला, कर्नल जिंकला, गुलाल उधळला गेला. गुलालाचा कण न् कण वेगळा.

सगळ्यांनी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदार मिशीवरून हात फिरवत राहिले.

"बैल देखना हाय," ते शेवटी म्हणाले. "लय देखना हाय. पर ह्यो माझा न्हाई."

"अहो, तुमच्याच बैलाचे हजारो फोटो घेऊन..." प्रसन्न म्हणाला.

"कातडं त्याचंच हाय. आत दुसराच कुनीतरी बसलाय." ते उठले. "जेवून घ्या. परवापत्तुर ऱ्हावा. न्हाईच जमलं तर न्हाई म्हनून सांगीन, नाराज हुयाचं न्हाई."

रात्री हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी होती. प्रसन्नने एक घास खाल्ला नाही. मी तीन वाट्या खाल्ल्या, कारण दुःख आपल्या जागी आणि शेंगोळी आपल्या जागी.

गोठ्यातला दिवस

दुसऱ्या दिवशी शबाना उठून सरळ गोठ्यात गेली आणि पालथ्या घमेल्यावर बसली. जेवायला उठली, परत जाऊन बसली. मग मीही सोबतीला गेले, आणि माझ्या मागोमाग पडलेल्या चेहऱ्याने प्रसन्नही.

कर्नलसाहेबांना जवळून बघितलं की लक्षात येतं की हे प्रकरण वेगळं आहे. सुभेदार त्याच्याशी हिंदीत बोलतात. "सावधान!" म्हटलं की कर्नल मान वर करतो. "विश्राम!" म्हटलं की परत गव्हाणीत घालतो. सुभेदारांच्या मते त्याला हिंदी कळतं. माझ्या मते मान वर केल्यावर त्याला पेंडीचा तुकडा मिळतो, हे त्याला कळतं. पण मी वधूपक्षाला दुखावत नाही.

खोड्या एकेक बघण्यासारख्या. पाणी प्यायच्या आधी तो बादली नाकाने एकदा ढकलतो. शेजारच्या बैलाला काही कारण नसताना शिंगाने ढोसतो आणि मग दुसरीकडेच बघतो, आपण त्यातले नाहीच असं. आणि मुख्य म्हणजे, गोठ्यातून सोडलं की आधी मागे वळून सुभेदार कुठे आहेत ते बघतो. ते दिसले तरच पाऊल उचलतो.

"मैदानातबी तसंच," काकी शेण थापता थापता म्हणाल्या. "झेंडा पडतोय, बाकीचं बैल सुटत्यात, आन् ह्ये महाराज मागं बगत्यात. मालक दिसलं की मंग असा सुटतोय की बास."

शबाना प्रसन्नकडे वळली. "आपला कर्नल झेंडा पडला की लगेच सुटतो."

"सगळेच गेममधले बैल लगेच सुटतात. खेळणारा चिडेल नाहीतर."

"तरीच."

मग काकींनी इकडे तिकडे बघून आवाज खाली केला. मागल्या हंगामात एका मोठ्या मैदानात कर्नल सगळ्यांच्या पुढे होता. अर्ध्या वाटेत त्याला कडेच्या रानात हिरवंगार कडवळ, म्हणजे चाऱ्याची कोवळी ज्वारी, दिसलं. तो चाकोरी सोडून, छकडा आणि गाडीवानासकट, जोडीदाराला ओढत सरळ त्या कडवळात शिरला आणि खायला लागला. हजारो माणसं हसली. सुभेदार गावात महिनाभर मान खाली घालून हिंडले. "त्येंच्या म्होरं ह्यो विषय काडू नगा," काकी म्हणाल्या. "युद्धावर गेलं तवा घाबरलं न्हाईत, पर त्या दिशी रडलं."

शबाना लगेच कामाला लागली. सोप्यात पेटीसमोर बसून तिने बैलाच्या खोड्या एकेक करून मुकादमाच्या डोक्यात घातल्या. मागे वळून बघणं घातलं, ढोसणं घातलं, बादली घातली. कडवळ घालायचं की नाही यावर दोघांची जुंपली.

"वेडी आहेस का? तोंडावर अपमान केल्यासारखं होईल," प्रसन्न म्हणाला.

"क्वचितच होईल, प्रसन्नदादा. शंभर शर्यतींत एखाद्या वेळी. कधी, ते त्या डबीलाच ठाऊक."

"मग उद्या नाही ना होणार?"

"कशाला होतंय!" शबाना म्हणाली. सोडून दिलेला धडा परीक्षेला येणारच नाही असं म्हणणारी मुलं मी आयुष्यभर शिकवली आहेत. मला तेव्हाच शंका आली होती.

इंजिनाची पूजा

निघायच्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवायचं ठरलं. शेवटची संधी. प्रसन्नने सकाळपासून दाढी दोनदा केली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या भागात नवं यंत्र दारात आलं की त्याची पूजा होते. ती आमच्याकडेही होते. आम्ही नव्या स्कूटरच्या आरशाला झेंडूचं फूल लावतो आणि मोकळे होतो. पण इकडे ट्रॅक्टरची पूजा करताना बॉनेट उघडतात. वरच्या पत्र्याला हळदकुंकू लावून काय उपयोग? काम करतं ते इंजिन, मग मान इंजिनाला. मला हे अतिशय पटलं. अजूनही पटतं.

काकी आरतीचं ताट घेऊन सोप्यात आल्या. पेटी चालू होती, पंखे फिरत होते, दिवे लागलेले. "काम चांगलं हुदे म्हनून वाईच पूजा करती," त्या म्हणाल्या. "ह्येचं इंजान कंचं?"

दोन वर्षांत कुणी प्रसन्नला इतक्या आदराने हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने फुलून जाऊन स्वतःच्या हाताने काचेचं झाकण काढलं आणि कार्ड दाखवलं. "हे, काकी. हे खरं इंजिन."

काकींनी हळद लावली. कुंकू लावलं. शर्यतीचं काम म्हणून मूठभर गुलाल प्रेमाने सोडला. पंख्यांनी तो एका दमात आत ओढला आणि दुसऱ्या बाजूने सुभेदारांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सोडला. अजून कुणाला काही कळायच्या आत काकींनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी बोटांनी इंजिनावर शिंपडलं.

नारळ माझा होता. भरपूर पाण्याचा, निवडून आणलेला.

'चट्' असा आवाज आला. पंखे थांबले. जळक्या खोबऱ्याचा मंद वास सुटला. टीव्ही काळा झाला.

"झाली पूजा," काकी समाधानाने म्हणाल्या.

प्रसन्न गुलालाने माखलेलं कार्ड हातात घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं, आणि हे दोन्ही एकदम होतं याचा मला फार राग आला. लहानपणी त्याचं मातीचं घर पावसात पडलं तेव्हाही तो असाच, न रडता बसला होता. काकींना काय झालं ते आम्ही सांगितलंच नाही. त्या आत जाऊन सगळ्यांसाठी शिरा करायला लागल्या होत्या.

"दादा," शबाना हलकेच म्हणाली, "त्या डबीच्या पोटात चित्रं काढायची बारकी सोय असते."

"त्यावर काय दिसणार? केस नाही, सावली नाही, काही नाही."

"बैल तर दिसंल."

"तू जिंकलीस म्हणायचं. मुकादम मोठा."

"काय जिंकलंय?" ती चिडून म्हणाली. "उद्या तुमचं कार्ड सगळंच करायला लागंल, मन का काय तेसुद्धा. करू दे. पण कुणीतरी घमेल्यावर बसून बैल बघितलेला पाहिजे का नको? वायर इकडं द्या."

आणि तिने टीव्हीची तार पेटीच्या पाठीमागच्या दुसऱ्या भोकात खोचून पेटी पुन्हा चालू केली.

टीव्हीवर जे आलं त्याला बैल म्हणणं धाडसाचं होतं. साबणाच्या वडीला चार काड्या टोचल्या होत्या. वर दोन काड्या, ती शिंगं. माळ म्हणजे पिवळा कागद. माणसं म्हणजे खोकी. तीही अडखळत, ठेचकाळत हलत होती. भिंतीला टेकलेली मंडळी खो-खो हसायला लागली. "सुभेदार, तुमचा बैल वाळला!" कुणीतरी ओरडलं. सुभेदार हसले नाहीत. गुलाबी सदऱ्यात ताठ बसून बघत राहिले. प्रसन्नने डोळे मिटून घेतले.

झेंडा पडला. बाकीच्या वड्या सुटल्या. आमची वडी जागची हलली नाही. तिने सावकाश मान वळवून मागे बघितलं.

हसणं थांबलं.

मागे एक उंच खोकं उभं होतं. ते दिसलं, आणि मग वडी अशी सुटली की सुभेदारांची मांडी आपोआप मोडली आणि ते गुडघ्यावर आले.

"हान्!" ते ओरडले. "चलो! चलो, सायब!"

वडीने जाता जाता शेजारच्या वडीला शिंग मारलं आणि दुसरीकडे बघितलं. अख्खा सोपा उभा राहिला. म्हातारबा काठी आपटायला लागले. काकी उलथणं घेऊन बाहेर आल्या. प्रसन्नने डोळे उघडले. एक गाडी मागे पडली, दुसरी पडली, आमची वडी सगळ्यांच्या पुढे, आणि मी, भूगोलाची शिक्षिका, स्टुलावर चढून "अरे पळ रे मेल्या!" असं किंचाळत होते.

तेवढ्यात पिवळ्या कागदाच्या कडेला एक हिरवा चौकोन दिसला.

शबानाने तोंडावर हात ठेवला. "या अल्ला, आत्ताच?"

वडीने चाकोरी सोडली. छकड्यासकट, खोक्यासकट, ती सरळ हिरव्या चौकोनात शिरली आणि खाली मान घालून खायला लागली. बाकीच्या वड्या पुढे निघून गेल्या.

 सगळे जमिनीकडे बघत होते. सुभेदार गुडघ्यांवरून उठले, त्यांनी टोपी घातली आणि सरळ दारातून बाहेर पडले.

"संपलं," प्रसन्न म्हणाला.  मी वडीलधारी म्हणून आले होते, आणि नारळसुद्धा धड आणला नव्हता. शबाना रडायच्या बेताला आली होती. काकी उलथणं तसंच धरून दाराकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने सुभेदार परत आले. धोतराला कडब्याची चिपाडं लागलेली.

"कुटं गेल्तासा?" काकींनी विचारलं.

"गोठ्यात. दावं बगून आलो. घट हाय." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "हाय तितंच. कडबा खातोय."

"आवं, त्यो टीव्हीत पळाला!"

"ठावं हाय मला," सुभेदार म्हणाले. "पर बगून आलेलं बरं."

कुणीच हसलं नाही. प्रसन्न पुढे झाला. त्याचा आवाज पुन्हा तसाच बारका झाला होता. "सुभेदार, मग... परवानगी?"

सुभेदारांनी त्याच्याकडे नवलाने बघितलं. मग टीव्हीकडे बोट केलं. तिथे ती पांढरी वडी अजून हिरव्या चौकोनात निवांत मान घालून उभी होती.

"आता कसली परवानगी मागतायसा? बैल तर कवाच सोडलासा तुमी," ते म्हणाले. "जावा, आदी त्येला धरून आना. लोकाचं कडवळ हाय त्ये."